चौकोन आणि प्रश्नचिन्हं



सासूबाईंची स्तवनांची वही लोणावळ्याच्या पावसात दर चातुर्मासाला थोडी आणखी फुगते, शाई पसरते. म्हणून तीन वर्षांपूर्वी ती संगणकावर उतरवायला घेतली, साध्या नोटपॅडमध्ये. इनस्क्रिप्टची सवय नव्हती. 'णमो'ऐवजी 'नमो' व्हायचं. ण शिफ्ट आणि सी दाबल्यावर येतो. 'वाऱ्या'साठी शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग हलन्त, मग य.

वहीत नसलेली दोन स्तवनंही सासूबाईंनी खाटेवर पडून सांगितली. ती मी थेट टाइप केली.

सेव्ह करताना एन्कोडिंगपुढे 'एएनएसआय' होतं. काहीतरी इशारा आला. न वाचता ओके केलं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. तोवर सासूबाईंना बोलणं जड झालं होतं. महिन्याभरात त्या गेल्या.

भाच्यानं नंतर समजावलं. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर बहुतेक वेळा नुसता फॉन्ट नसतो. मजकूर शाबूत असतो. सेव्ह करताना प्रश्नचिन्हं झाली की अक्षरच गेलं. त्या एएनएसआयमध्ये एका अक्षराला एकच बाइट, त्यात देवनागरीला जागाच नाही. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते. मी कॉमर्सवाली, मला लगेच पटलं : खतावणीत खात्याचं पानच नसेल तर नोंद करणार कुठे? २०१९ पासून विंडोजच्या नोटपॅडमध्ये नवी फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये जाते. माझा संगणक त्याआधीचा.

आपल्याच मावळात, पाले गावच्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. सुरुवात 'नमो अरहंतानं'. तिथे ण नाही, न आहे. मला जरा हायसं वाटलं. ब्राह्मी २०१० पासून युनिकोडमध्येही आहे. भाच्यानं ती ओळ पाठवली, माझ्याकडे नुसते चौकोन आले. फॉन्ट घातला आणि अक्षरं उमटली.

नणंदेला विचारून एक स्तवन पूर्ण जुळलं. दुसऱ्याच्या चार ओळी कोणालाच आठवत नाहीत. फाइलमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवली आहे. मनाचं काही घालणं ही ज्ञानाची आशातना झाली असती. न वाचता ओके केलं, तीही आशातनाच. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडं.

तुमच्या घरी कोणी म्हणणारं असेल, तर आजच लिहून घ्या. सेव्ह करताना एन्कोडिंग बघा, आणि एक प्रत कागदावर ठेवा.