तेरखेड्याहून समुद्राकडे

आमच्या तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने. दिवाळी उरकेपर्यंत कोणाला उसंत नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो, रांगेत उभे राहून अभिवादन करतो, परततो. बाजूचा समुद्र पोरांनी गर्दीतूनच पाहिलेला.

यंदा ठरवले, जानेवारीत पोरांना घेऊन पुन्हा जायचे. बार्शीहून रात्रीची लातूर-मुंबई गाडी, सकाळी दादर. आधी चैत्यभूमी. 7 डिसेंबर 1956 रोजी याच चौपाटीवर बाबासाहेबांचा अंत्यविधी झाला, हे पोरांना तिथेच सांगायचे. मग समुद्रात पाय भिजवायचे.

दुसऱ्या दिवशी गेटवेहून लाँचने घारापुरी बेट. तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळायचा. बहुतेक लोक शिवाची लेणी पाहून परततात. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप आहे, त्यासाठी आम्ही जाणार.

आजी म्हणाली, "चैत्यभूमी ठीक हाय, समिंदर बघायला पैसे कशाला?"

आम्ही म्हटले, "आजी, 1927 साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तुझ्या नातवंडांनी समुद्राचे घ्यायला नको?"

आजी गप्प राहिली. सकाळी पाहिले, तर तिची पांढरी साडी धुऊन दोरीवर वाळत होती.

जयभीम.