खाऱ्या वाऱ्यातली जीप

मालवणात जीप इंजिनाने मरत नाही, तळाने मरते. इंजिन ठणठणीत चालतं, चारही गिअर पडतात, आणि ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा मात्र अंगठ्याने दाबला तरी आत जातो. आमच्या मांगरात पहिल्यांदा उघडलेली महिंद्राची एमएम ५४० अशाच अवस्थेत आली होती. वरून रंग चकचकीत होता. मिस्त्रीकाका इंजिनाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. खाली आडवे झाले, लहान हातोडी घेतली आणि चासिसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेले. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. मागच्या कमानपाट्याच्या ब्रॅकेटजवळ बद्द आवाज आला तसे ते थांबले.

"इंजिनाचा मगे बघू. आधी हेच्यात पाणी खंय साचता ता बघूया."

पुढे आम्ही मंडळींनी जे काही केलं ते या एका वाक्याच्या मागोमाग केलं.

मंडळी म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मिस्त्रीकाकांचा जन्म मालवण बंदरावर ट्रॉलरची इंजिनं उतरवण्या-चढवण्यात गेला. एक वेल्डरभाऊ आहे, तो खिडक्यांच्या ग्रिल्स आणि फाटकं बनवतो. पातळ पत्र्याला भोक न पाडता टाका मारण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. तारकर्लीत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारा एक मित्र आहे. मूळ गाडी त्याच्या वडिलांची. पुण्यात ऑटोमोबाइल शिकून गावी परतलेला एक मुलगा आहे. आणि मी, शाळेत विज्ञान शिकवणारा. मांगर माझ्या मामाचा, मालवण-कुडाळ रस्त्यापासून थोडा आत. पूर्वी तिथे गुरं असायची. आता रविवारी मासळीबाजार आटपला की आम्ही असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि सगळ्यांना आपलं इंजिन त्याच दिवसांत उघडून हवं असतं. तेव्हा काका आमच्या वाट्याला येत नाहीत, आणि आम्हीही मागे लागत नाही.

गंजाची गोष्ट मी वर्गात फळ्यावर बरीच वर्षं शिकवली, पण तिचा खरा वेग या तळाखाली कळला. वारा लाटांच्या फेसातले बारीक थेंब उचलून आणतो. पाणी उडून जातं, मीठ पत्र्यावर बसतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून पत्रा कोरडा दिसतो तेव्हाही त्याच्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असू शकतो, आणि त्या थराखाली लोखंड गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतं. त्यात आपली तांबडी माती. जीपच्या तळाला मजबुतीसाठी खालून पन्हळीसारख्या पट्ट्या जोडलेल्या असतात. पावसाळ्यात त्यांत जांभ्याचा चिखल घुसतो आणि दिवाळीपर्यंत ओलसर राहतो. आम्ही त्या पट्ट्या कापल्या तेव्हा आतून घमेलंभर माती निघाली, आणि मातीला चिकटून पत्र्याचे पापुद्रे.

पुण्याहून आलेल्या मुलाला एक युक्ती सुचली. बोटीच्या पंख्याजवळ आणि सुकाणूजवळ जस्ताच्या वड्या बसवतात. जस्त आधी झिजतं आणि बाकीचा धातू वाचतो. तशाच वड्या चासिसला का लावू नयेत? प्रश्न उत्तम होता. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोवर काका म्हणाले, "अरे, बोट पाण्यात आसता. गाडी खंय पाण्यात आसा?" मुद्दा तोच आहे. जस्त आणि लोखंड दोन्ही एकाच पाण्यात बुडालेली असली तरच त्यांच्यातला विद्युतप्रवाह पुरा होतो. रस्त्यावरच्या गाडीला एका कोपऱ्यात बसवलेली वडी दुसऱ्या कोपऱ्याचं रक्षण करू शकत नाही. जस्त लावायचंच तर सगळ्या अंगाला लावायला हवं. म्हणून आम्ही लोखंड पांढरं होईपर्यंत घासून जस्तयुक्त प्रायमर दिला, त्यावर रंग, आणि जिथे ब्रश पोहोचत नाही अशा पोकळ जागांत नळीने मेण फवारलं. काही लोक तळाला जळकं इंजिन ऑइल फासतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. ते पहिल्याच पावसात ओघळतं आणि आमच्याकडे विहिरी अंगणात असतात.

कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायला सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते जीपच्या कामातला सर्वांत मोलाचा वेळ तोच. वेल्डरभाऊ आधी डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवायला लावतो, बॅटरीच्या तारा सोडवतो, मगच मशीन चालू करतो. एका दमात लांब टाका कधीच घालत नाही. एक टाका इथे, दुसरा पलीकडच्या टोकाला, मग जरा थांबायचं. नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. नव्या पट्ट्यांना आम्ही दोन्ही टोकांना निचऱ्याची भोकं ठेवली. कारखान्याने ठेवली होती त्यापेक्षा मोठी. कुणी विचारलं की जीपमध्ये काय बदल केले, तर मी आधी ती भोकं दाखवतो.

धुण्याचंही एक शास्त्र आहे. किनाऱ्यावरून आलं की गाडी गोड्या पाण्याने धुवायची हे सगळेच सांगतात. पण देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशी वाळूची चिंचोळी पट्टी. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मिठावर मीठ. म्हणून तारकर्लीची गाडी उन्हाळ्यात धुवायला आतल्या गावात येते.

इंजिनावर आलो तेव्हा काका खुलले. एमएम ५४०चं डिझेल इंजिन मूळ फ्रान्सच्या प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. क्षमता २,११२ सीसी, ताकद ६२ अश्वशक्तीच्या आसपास. प्यूजोच्या ५०४ या मोटारीत याच घराण्यातली इंजिनं असत. आजच्या हिशेबाने ही ताकद फार कमी, पण त्यात संगणक नाही, सेन्सर नाही, आणि खाऱ्या हवेत हे मोठं वरदान आहे. काकांनी बोटीच्या सवयीने पहिल्यांदा अर्थिंगच्या पट्ट्या काढल्या. हिरवट पूड साचलेल्या. किनाऱ्यावरच्या गाड्यांचे स्टार्टर पुष्कळदा उगाच बदलले जातात. खरा दोष इंजिन आणि चासिस यांच्यामधल्या त्या एका पट्टीत असतो. हीटर प्लगचंही तसंच. मालवणच्या हवेत एखाद-दुसरा हीटर गेलेला असला तरी दोन-तीनदा स्टार्टर मारून भागून जातं. डिसेंबरात आंबोलीला मुक्काम केला की पहाटे तीच गाडी अडून बसते.

पंप आणि नोझल आम्ही स्वतः उघडले नाहीत. ते मशीनवर लावून बघणाऱ्या माणसाचंच काम आहे. ट्रान्सफर केस मात्र मांगरातच उघडली. विलिस जीपपासून चालत आलेली ही रचना: मधल्या गिअरचा शाफ्ट झिजला की तिथून ऑइल गळतं, आणि लोक वरून सील बदलत राहतात. शाफ्ट कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेऊन नवा करून घेतला. त्या वस्तीबद्दल मला फार आदर आहे. तुटका तुकडा टेबलावर ठेवावा, समोरचा माणूस चिमटीत धरून फिरवतो, कॅलिपर लावतो, कुठल्या स्टीलचा करायचा आणि हार्डनिंग किती द्यायचं ते सांगतो. उसाच्या गुऱ्हाळाची, शेतीपंपाची, ऑइल इंजिनाची यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली माणसं ती. अशी वस्ती घाटापलीकडे आहे म्हणून आमच्या जुन्या गाड्या चालतात. परतताना फोंडा घाट उतरताना तो शाफ्ट मी मांडीवर घेऊन बसलो होतो.

बदल किती करायचे यावर आमच्यात खरंच वाद झाले. मुलाला गाडी उंच करायची होती, मोठे रुंद टायर घालायचे होते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली सजवलेल्या उघड्या जीपसाठी देशभर माहीत आहे, आणि तिथल्या गाड्या बघून कुणाचंही मन होईल. माझं म्हणणं असं होतं, अजूनही आहे, की या जीपची रुंदी मुळातच कमी. उंची वाढवली की भार वर जातो, आणि करूळ घाटाच्या वळणावर ती गाडी वेगळीच वागते. ६.००-१६चा अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण जमिनीपर्यंत जातो; आमच्या जांभ्याच्या पाणंदीत तेच हवं. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या मूळ घडणीत मनमानी बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. १५ वर्षांनंतर फेरनोंदणीसाठी गाडी दाखवावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये नुसतं शुल्कच ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं. ओरोसला तपासणीसाठी उभी केलेली एमएच ०७ क्रमांकाची गाडी आपल्या कागदाशी जुळलीच पाहिजे. मुलाने ऐकलं. त्याच्या डोक्यातली ऊर्जा मग दुसरीकडे वळली आणि त्याने आमच्या गाडीतला सर्वांत कामाचा बदल केला.

एक्सल चालून चालून तापतो. तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंग जातात. मुलाने दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या श्वासनळ्या रबरी पाइपने वाढवून बॉनेटच्या आत उंचावर नेल्या. बाहेरून काही दिसत नाही. पावसाळा संपल्यावर प्लग उघडून बघितलं तेव्हा ऑइल स्वच्छ मधासारखं उतरलं, आणि काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्याइतकाच आनंद मला झाला.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर सरकलं. मालवण तालुक्यात आंबे, फणस, माड, विजेचे खांब एकमेकांवर आडवे झाले, आणि पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. मोठ्या रस्त्यांवर सरकारी यंत्रं आली. वाडीतल्या पाणंदीत ती शिरू शकत नव्हती, आमची जीप शिरली. आख्खा फणस ओढणं तिच्या वजनाला झेपणारं नाही. आधी करवतीने ओंडके पाडायचे, साखळी चासिसच्या हुकाला लावायची, पुढचा एक्सल जोडायचा, लो गिअर टाकायचा आणि क्लच अगदी हळू सोडायचा. ट्रान्सफर केसच्या लो गिअरमध्ये चाकांवरचा जोर अडीच पटीच्या आसपास वाढतो. इंजिन जवळजवळ नुसत्या आयडलवर चालत असतं आणि ओंडका सरकतो. साखळीच्या रेषेत कुणालाही उभं राहू द्यायचं नाही, हे काम काकांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि त्यासाठी ते सगळ्यांवर ओरडत होते. वेल्डरभाऊने जोडलेल्या ब्रॅकेटवर सगळा ताण येत होता. तो प्रत्येक ओढीनंतर वाकून आपले टाके बघत होता.

पाणंद मोकळी झाल्यावर मागचा फाळका पाडून जनरेटर चढवला आणि घरोघर विहिरींचे पंप चालवले. लॉकडाउनचे दिवस होते, घरात आजारी माणसं होती. एका आजीने पिंपं, हंडे, कळशा, टोप सगळं भरून घेतलं. "गाडयेक पण पाणी घालात ना रे?" असं विचारून तिने रेडिएटरसाठी वेगळी कळशी आणून दिली.

या गाडीने कुठे जायचं नाही, हेही आमच्यात ठरलेलं आहे. वाळूवर नाही. वायंगणी, तांबळडेग आणि अशा कितीतरी किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटं वरून दिसत नाही, आणि चाकाखाली दबलेल्या वाळूतून पिल्लांना वर येणं कठीण होतं. सड्यावरही नाही. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर माणसाने कातळावर कोरलेली चित्रं आहेत. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं, त्यात कुडोपी आहे. पावसाळ्यात या सड्यांवर वितभर मातीतसुद्धा फुलं उगवतात. उघडा सपाट कातळ पाहून गाडी पळवायचा मोह होतो, पण तो कातळ मोकळा नाही. ज्यांना कस लावायचा आहे त्यांच्यासाठी आखून दिलेल्या स्पर्धा आहेत. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरू लागली. मुलगा तिथे दुसऱ्याच्या गाडीचा साहाय्यक म्हणून जाऊन आला आणि येताना चिखलातून गाडी खेचण्याच्या दोऱ्यांबद्दल बरंच शिकून आला.

आता मांगरात सीजे-३बी उभी आहे. उंच बॉनेटची, ८० इंच व्हीलबेसची, पेट्रोल हरिकेन इंजिनाची. १९५३ साली विलिसने हा नमुना काढला, कारण हरिकेन इंजिनाची उंची जुन्या बॉनेटखाली मावेना. अमेरिकेत तो १९६८ला थांबला, महिंद्राने पुढेही चालू ठेवला. ही गाडी आचऱ्याच्या एका घरामागे माडाच्या झावळ्यांखाली पडून होती. कागदांवरून वयाची ५० वर्षं भरलेली निघाली, तर २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. त्या नोंदणीची अट अशी की चासिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. म्हणून यंदा मुलाला श्वासनळीसुद्धा वाढवायची परवानगी नाही, आणि त्याची काही तक्रार नाही. काकांनी चासिसवर हातोडी फिरवली आहे. डावी बाजू खणखणते. उजवीकडे पुढच्या शॅकलजवळ बद्द वाजलं, तिथे खडूने गोल केला आहे. मासेमारीबंदी उठली की तिथून कापायला सुरुवात करू.