लॉक-इन

२ सप्टेंबर २०२५
मुंबई ऑफिस. पडद्यावर भारताचा नकाशा, आमच्या जिम-साखळीचा प्रत्येक क्लब एक ठिपका. हिरवे चालणारे, पिवळे रखडलेले, लाल बुडीत. पश्चिमेला आणि दक्षिणेला दाटी, बिहार कोरा. तरी बोर्डावर 'राष्ट्रीय'.
सोलापूर लाल. पुण्यातलं बाणेर पिवळं.
दिवाळीआधी बंद करायच्या क्लबांची यादी मी द्यायची आहे.

४ सप्टेंबर
काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. जिमवरचा कर १८ वरून ५ टक्के, २२ तारखेपासून. सकाळपासून डेस्कवाल्यांचे फोन थांबत नाहीत. लोक अर्धा भरलेला फॉर्म ठेवून उठतात. "बावीसनंतर येतो."
नागपूरला एका बाईंनी परवाच वर्षाची फी भरलेली. फरक परत द्या म्हणून तासभर डेस्कवर उभ्या होत्या. त्यांचं काय चुकलं?

५ सप्टेंबर
विक्री जवळपास बंद. सोमवारपासून पितृपक्ष. एका महिन्यात दोन-दोन ग्रहणं.

९ सप्टेंबर
आमचे सीए दीड तास बोलले. दहा हजारांची मेंबरशिप आधी ११,८०० ला पडायची, आता १०,५०० ला. पेपरवाले एवढंच छापतात. पुढचं कुणी लिहीत नाही: इनपुट क्रेडिट गेलं. भाड्यावर आम्ही १८ टक्के भरतो, ट्रेडमिलवर भरतो, हाउसकीपिंगच्या बिलावर भरतो. आजवर ते वळतं व्हायचं, आता सगळं खर्चात. म्हणजे जिथे भाडं जबर, तिथे मूळ फी वाढवावी लागणार. जिथे भाडं कमी, तिथे सवलत जशीच्या तशी मेंबरच्या खिशात जाईल.
रात्री पुन्हा शीट उघडली. भाड्याचा कॉलम उतरत्या क्रमाने लावला. बाणेर सगळ्यात वर. सोलापूर शोधायला खाली, खाली, आणखी खाली.

१० सप्टेंबर
शीटमध्ये 'किती आले' हा कॉलमच नाही. 'किती भरले' आहे.

११ सप्टेंबर
अमेरिकेतल्या प्लॅनेट फिटनेसबद्दल २०१४ मध्ये तिकडच्या रेडिओवर आलं होतं: एकेका जिमचे सरासरी साडेसहा हजार मेंबर, आणि जागा बहुतेक ठिकाणी तीनशेकांची. न येणाऱ्यांवर धंदा उभा. त्यांची फी तेव्हा महिन्याला दहा डॉलर, बंद करायचा कंटाळा यावा इतकी. आपल्याकडे वर्षाची फी एकदम घेतात. पैसा आधी, व्यायाम नंतर. जानेवारीत प्रत्येक क्लब श्रीमंत दिसतो. खरं तर ते बारा महिन्यांचं देणं असतं.
सोलापूरची अडचण हीच असावी. तिथे भरणारे येतात.

१४ सप्टेंबर, रविवार
जुनी कात्रणं काढून बसले. तळवलकर. १९६२ मध्ये वांद्र्याची जिम. २०१० मध्ये १२८ रुपयांनी शेअर बाजारात. लहान शहरांसाठी 'हायफाय' नावाने फ्रँचायझी. पुढे श्रीलंकेपर्यंत. २०१९ मध्ये कर्जरोख्यांचं व्याज थकलं, आणि मग साखळीच तुटली. मराठी माणसाच्या हातातला एवढा मोठा धंदा गेला, ही हळहळ लोक अजून व्यक्त करतात. मला त्या कात्रणांतले 'या वर्षी इतके नवे क्लब' असे मथळे जास्त टोचतात. आमच्या पडद्यावरही आधी तोच आकडा येतो.
गोल्ड्स जिमचंही तसंच. १९६५ ची कॅलिफोर्नियातली, २०२० मध्ये दिवाळखोरीत, मग एका जर्मन कंपनीने घेतली. पाटी तीच.

१७ सप्टेंबर
बाणेर. काचेची दर्शनी भिंत, आत सुगंध, ज्यूसचा काउंटर. सकाळी नऊला मोजून आठ माणसं, त्यातले दोघे फोनवर. वरच्या मजल्यावर दुसऱ्या कंपनीचा क्लब, रस्त्यापलीकडे तिसऱ्याचा. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, इथे लोक जिम बदलतात, व्यायाम नाही."
ट्रॅफिकमुळे परत यायला दीड तास. औंधचा मेंबर बाणेरला येईल, हे गृहीत धरणाऱ्याने हा रस्ता संध्याकाळी बघितलेला नाही.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. उद्याचे दर रात्री अकराला अंतिम झाले. बाणेरची मूळ फी वाढवली. सोलापूरची तशीच ठेवली, त्यासाठी भांडावं लागलं.

२२ सप्टेंबर
घटस्थापना. डेस्कवरच्या सगळ्या मुली पांढऱ्यात. दहा वाजताच कार्ड मशीन अडकलं. पुण्यात, नाशकात, इंदूरला रांगा.
सोलापूरहून काहीच नाही.

२४ सप्टेंबर
सीना नदीला पूर. मोहोळच्या पुढे महामार्ग बंद. उद्याची माझी फेरी रद्द. सोलापूरच्या ट्रेनरचा फोन: "मॅडम, क्लबात पाणी नाही, पण पोरं सगळी माढ्याकडं गेल्यात. दोर घेऊन."
आठवड्याचा रिपोर्ट गेला. सोलापूर: नवी विक्री शून्य. शेऱ्याच्या रकान्यात 'पूर' लिहिलं. मुंबईहून उत्तर आलं, शेरे नकोत.

२ ऑक्टोबर
दसरा. ट्रेडमिलला झेंडू, डंबेलच्या रॅकला आंब्याची पानं. पाच वर्षांपूर्वीच्या दसऱ्यालाच महाराष्ट्रातल्या जिम उघडल्या होत्या, कोरोनामुळे मार्चपासून बंद होत्या. तेव्हाही भाडं चालू होतं. काही जागामालकांनी अर्धं सोडलं, काहींनी छदामही नाही. सोलापूरच्या मालकांनी काय केलं होतं, फाइल बघायला हवी.

३ ऑक्टोबर
बघितली. सात महिने भाडं घेतलं नव्हतं. त्या बदल्यात कागदावर काहीही मागितलं नव्हतं.

७ ऑक्टोबर
काल संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूर. आज पहाटे साडेपाचला क्लब.
जिना अरुंद, पाटीतली एक ट्यूब गेलेली. आत गर्दी. स्क्वॉट रॅकपाशी पाच जणांची रांग, कुणी कुणावर चिडत नाही. एक पोलीस भरतीची तयारी करणारा, एक यंत्रमागवाल्याचा मुलगा, एक बँकेतले काका, गुडघ्याला पट्टा. एसी बंद, पंखे चालू, खिडक्या उघड्या. पट्टा घसरतो म्हणून दोन नंबरची ट्रेडमिल बंद. तिच्यावर मुलांनी बॅगा ठेवल्या आहेत. मेकॅनिक पुण्याहून यायचा असतो. तक्रार जूनमधली.
अकरा ते एक बायकांची बॅच. ही वेळ आमच्या नियमात नाही, ट्रेनरच्या बायकोने सुरू केली. पदर खोचून डेडलिफ्ट करणाऱ्या एक आजीबाई मला म्हणाल्या, "तुम्ही पुण्याच्या काय? मग एवढ्या बारीक आवाजात का बोलता?"
लॉकरशेजारी कंपनीच्या टॉवेलांचा गठ्ठा. मुंबईच्या गोदामातून येतो, वाहतूक सोलापूरच्या खर्चात. एक उलगडून लेबल वाचलं. एमआयडीसी, सोलापूर. ट्रेनर हसला. इथले लोक घरचेच टॉवेल आणतात.
विचारलं, फी का वाढत नाही? म्हणाला, "वाढवली तर येतील. पण मग तीन महिन्यांची भरतील, वर्षाची नाही. शेतकऱ्याच्या पोराला वर्ष कळत नाही मॅडम, हंगाम कळतो." आमच्या सिस्टिममध्ये हंगामी मेंबरशिप नाही. पंधरा वर्षांत कुणी बसवली नाही.

१० ऑक्टोबर
मुंबई. मी यादी मांडली. बाणेर वर. सोलापूर यादीत नाही, वेगळी टीप: तीन महिन्यांची फी सुरू करा, मेकॅनिक तिथलाच नेमा, सहा महिने द्या.
लीगलने एकच प्रश्न विचारला. लॉक-इन कधी संपतं? बाणेरचं २०२८ मध्ये. आधी सोडलं तर उरलेलं सगळं भाडं भरायचं, डिपॉझिट जाणार ते वेगळंच. सोलापूरला लॉक-इन नाही. एक महिन्याची नोटीस पुरते.
तेव्हा सोलापूर.
साहेब म्हणाले, यात व्यक्तिशः घेण्यासारखं काही नाही. बाणेर ठेवू, ब्रँडसाठी चांगलं दिसतं. कुणाला चांगलं दिसतं, ते विचारलं नाही. ट्रेनची वेळ झाली होती.

१३ ऑक्टोबर
ट्रेनरला मीच सांगितलं. गप्प बसला. मग म्हणाला, "आजीबाईंना कुणी सांगायचं?"

१६ ऑक्टोबर
मेंबरांना पाठवायचं पत्र मंजुरीसाठी आलं. 'आपले उर्वरित महिने आमच्या देशभरातील कोणत्याही क्लबमध्ये वापरता येतील.' सोलापूरहून जवळचा क्लब पुणे. अडीचशे किलोमीटर.
ओळ बदला म्हणून परत पाठवलं. 'देशभरातील' काढून 'नजीकच्या' केलं.

१८ ऑक्टोबर
धनत्रयोदशी. बाणेरला ऑफर लावूनही थंड.

२४ ऑक्टोबर
सोलापूरच्या जागामालकांचा फोन. मशीनं भंगारात देऊ नका, आम्ही घेतो. ट्रेनर चालवेल, पाटी वेगळी लावू. नवे मेंबर घेऊच, पण जुन्यांचे महिनेही आम्हीच पुरे करू. फक्त कुणाचे किती उरलेत, ती यादी द्या.
यादी माझ्याकडे आहे. मेंबरांची माहिती बाहेर द्यायची नाही, हा नियमही आहे. लीगलला मेल केला. संध्याकाळी पुन्हा केला.

२७ ऑक्टोबर
लीगल सुट्टीवर.
नोटीस बोर्डावर लावायला मी ट्रेनरला एक कागद पाठवला: पावती घेऊन या, ज्याची त्याने दाखवावी.
मुंबईहून नवा नकाशा आला. लाल ठिपके कमी झाले म्हणून अभिनंदनाचा मेल.