गौरीच्या आधी एक बाटला

१७ ऑगस्ट २०२५, रविवार
गणपती बुधवारी २७ ला. लालबाग, परळ, काळाचौकी, सगळीकडून गॅसचे नंबर लागताहेत. एकच बाटला असलेल्या घरांची यादी वेगळी काढली. आधी ती.

१८ ऑगस्ट
पाऊस. टेम्पो निघाले नाहीत.

१९ ऑगस्ट
उरणच्या गॅस प्लांटची गाडी आली नाही. पैसे भरून झालेत, ३०६ रिकामे गोदामात उभे. रिकामे गेल्याशिवाय भरलेले मिळत नाहीत. म्हैसूर कॉलनीपाशी मोनोरेल अडकली, माणसं आत. गाडीचा विषय काढवेना.

२१ ऑगस्ट
गाडी लागली! उतरवताना मी काट्याशी उभी. पट्टीवर रिकाम्याचं वजन १५.७, त्यात गॅस १४.२, काटा २९.९. बरोबर. एकावर 'सी-२५', म्हणजे चाचणीची मुदत सप्टेंबरअखेर. बाजूला ठेवायला लावला.

२३ ऑगस्ट
तीस किलो खांद्यावर, लाकडी जिना, चार मजले. घरपोच देणं किमतीतच धरलंय, गिऱ्हाइकाने वर एक पैसा देऊ नये, हे मीच सांगते. पण दारात आलेल्या पोराला पाणी विचारायला काय जातं?

२५ ऑगस्ट
काळाचौकीच्या आजींचा बाटला खाली परत आला. डिलिव्हरीचा कोड लेकाच्या मोबाइलवर, लेक गणपतीला सावंतवाडीला. रेंज नाही. कोडामुळे घरचा बाटला वडापावच्या गाडीवर जाणं अवघड झालं, ते चांगलंच. पण आजींनी काय करायचं? एकच बाटला, तोही हलका लागतोय म्हणतात.

२६ ऑगस्ट
रात्री लेकाचा फोन आला. कोड मिळाला. टेम्पो तोवर रिकामा होऊन उभा.

२७ ऑगस्ट
बाप्पा आले. सुट्टी.
संध्याकाळी एका घरून फोन, वास येतोय. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण दाबू नका, १९०६ ला कळवा. माणूस पोचेपर्यंत फोन ठेवला नाही. २०२० च्या डिसेंबरात गणेश गल्लीतला स्फोट आठवला की अजून हात गार पडतात. या घरी वायसर गेला होता. बदलला.

२९ ऑगस्ट
आझाद मैदानात मराठा आंदोलन. गिरगावच्या एजन्सीतली मैत्रीण सांगते, टेम्पो पुढे सरकत नाही. आमच्याकडे लालबागला दर्शनाची रांग. हातगाडीवर दोन-दोन बाटले घेऊन पोरं गल्लीबोळांतून गेली.

३० ऑगस्ट
काळाचौकी, चौथा मजला: पोचला.

१ सप्टेंबर
धंद्याचा १९ किलोचा ५१ रुपयांनी उतरला. घरचा तोच, ८५२ रुपये ५० पैसे. सकाळपासून लोक विचारताहेत, आमचा का नाही? मलाही तेच विचारावंसं वाटतं.
आजींचा फोन. घावन-घाटलं झालं, पोराला पाठवून दे म्हणाल्या.

२ सप्टेंबर
गौरी-गणपतींचं विसर्जन. बरीच घरं अजून गावी, त्यांचे रिकामे कुलपाआड. उद्याच्या गाडीला ३०६ पुरे होत नाहीत. सकाळी सातला यादी घेऊन बसते.