उसवलेला नायक, जुने माप

उत्तरकथेने निराशा केली असे प्रेक्षक म्हणतो, तेव्हा त्याची तक्रार कथानकाच्या दुबळेपणाविषयी आहे असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः ती तक्रार पुष्कळदा विस्मृतीविषयी असते. पहिल्या कथेने नायकाला जे शिकविले, ते दुसरी कथा विसरून गेली, ही खरी व्यथा होय. २०१८ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झालेला ‘२.०’ हा तमिळ चित्रपट पाहून बेंगळुरूच्या चिकपेटेतील एका वयोवृद्ध शिंप्याला जे वाईट वाटले, ते याच जातीचे होते.

चिकपेट म्हणजे धाकटी पेठ आणि दोड्डपेट म्हणजे थोरली. ही नावे धारण करणारे दोन रस्ते जुन्या शहराच्या मध्यभागी एकमेकांना छेदतात. १६३८ मध्ये बेंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे शहाजीराजांची जहागीर बनले. या शहरातील मराठीचा इतिहास असा जुना आहे. कापडाच्या व्यवसायात असलेली नामदेव शिंपी व भावसार समाजांची कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. या शिंप्याच्या घरातही बोलणे मराठीत, गिऱ्हाइकाशी व्यवहार कन्नडमध्ये आणि करमणूक बहुतांशी तमिळमध्ये, अशी वाटणी कोणी न ठरविता होऊन गेली होती.

या वाटणीला रजनीकांत या नावाने एक अर्थ दिला होता. १२ डिसेंबर १९५० रोजी याच शहरात एका मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड बससेवेत वाहक होते. १९७३ मध्ये ते मद्रासच्या चित्रपटशिक्षण संस्थेत दाखल झाले आणि १९७५ मध्ये ‘अपूर्व रागंगळ’मधून पडद्यावर आले. जो मुलगा घरात आपली भाषा बोलत वाढला, तो दुसऱ्या भाषेत गेला आणि तिथे देवासारखा पुजला गेला. दोन भाषांमध्ये आयुष्य काढणाऱ्या माणसाला यातून जो धीर मिळतो, तो केवळ चाहतेपणाने स्पष्ट होणारा नाही. पडद्यावरील त्या नायकाची अब्रू ही शिंप्याला काहीशी घरचीच अब्रू वाटत असे.

म्हणूनच शंकर यांनी दिग्दर्शित केलेला २०१० चा ‘एंदिरन’ त्याच्या मनात घर करून राहिला. त्यातील चिट्टी हा यंत्रमानव सर्वशक्तिमान आहे, परंतु त्याला लज्जा म्हणजे काय ते ठाऊक नाही. आगीतून एका स्नान करीत असलेल्या मुलीला तो विवस्त्र स्थितीत सर्वांसमोर उचलून आणतो. जीव वाचविल्याचे त्याला समाधान आहे. मुलगी मात्र लाजेने धावत सुटते आणि वाहनाखाली सापडून मरते. या प्रसंगानंतरच त्याचा निर्माता वसीगरन त्याला भावना शिकवू लागतो. पुढे प्रेम, मत्सर आणि संहार यांतून गेलेला चिट्टी न्यायालयाच्या आदेशानुसार स्वतःच्या हातांनी स्वतःचे अवयव सुटे करतो. अखेरीस संग्रहालयात ठेवलेले त्याचे मस्तक एका शाळकरी मुलीला सांगते, की आपण विचार करू लागलो, हेच आपले अवयव सुटे करण्याचे कारण. अतिमानवी नायकाने आपले सामर्थ्य आपण होऊन उतरवून ठेवावे, ही गोष्ट करमणुकीच्या चित्रपटात विरळाच.

‘२.०’ मध्ये हाच चिट्टी पुन्हा जोडला जातो. लोकांच्या हातांतून उडून गेलेल्या मोबाईल फोनांचा मिळून बनलेला प्रचंड पक्षी ही कल्पना प्रभावी आहे, यात शंका नाही. त्यामागे उभा असलेला पक्षितज्ज्ञ पक्षिराजन याचे दुःखही खरे आहे. मोबाईलच्या मनोऱ्यांमुळे पक्षी मरतात हे विज्ञानाने सिद्ध केलेले नसले, तरी आपले कोणी ऐकत नाही म्हणून मनोऱ्यावर गळफास घेणारा म्हातारा प्रेक्षकाच्या मनात घर करतो. परंतु त्याच्याशी लढणाऱ्या चिट्टीला मात्र मनच उरलेले नाही. कबुतरांवर स्वार झालेले चिमुकले यंत्रमानव त्या कबुतरांच्याच जिवाची धमकी देतात, आणि पक्ष्यांसाठी प्राण देणारा म्हातारा त्यामुळे विचलित होऊन हरतो. हा विजय चित्रपट गमतीने साजरा करतो. लज्जा शिकण्यासाठी एका मुलीचा जीव ज्याने मोजला, त्या नायकाला येथे क्षणभरही लाज वाटत नाही.

आपल्या परंपरेला उत्तरकथेचे शास्त्र नवे नाही. विदर्भातील पद्मपूरच्या घराण्यात जन्मलेल्या भवभूतीने ‘महावीरचरित’मध्ये रामाचा पराक्रम रंगविला आणि ‘उत्तररामचरित’मध्ये त्याच रामाला त्या पराक्रमापुढे उभे केले. पहिल्या अंकात गतकाळाची चित्रे पाहता पाहता राम आणि सीता व्याकूळ होतात. पाचव्या अंकात, राम आपला पिता आहे हे ठाऊक नसलेला लव त्याच्या चरित्रातील उणी स्थळे एकेक करून बोलून दाखवितो: ताटकेचा वध, खराशी लढताना घेतलेली माघार, वालीला मारणे. नायकाचा गौरव त्यामुळे उणावत नाही. संग्रहालयातील चिट्टी हेही असेच एक चित्रदर्शन होऊ शकले असते. चित्रपटकर्त्यांनी संग्रहालयाचा उपयोग केवळ कोठारासारखा केला.

शिंप्याने हेच आपल्या धंद्याच्या भाषेत सांगितले. उसवलेला कपडा पुन्हा शिवायचा तर माप नव्याने घ्यावे लागते, कारण मधल्या काळात अंग बदललेले असते. यांनी जुन्याच मापावर शिवला, आणि वर जरी लावली. नातवाला हे पटले नाही. त्रिमिती चष्म्यातून दिसलेला तो पक्षी त्याला अजून डोळ्यांसमोर दिसत होता. त्याने पहिला चित्रपट पाहिला नव्हता, आणि दुसऱ्याला त्याची गरजही भासली नव्हती. मग त्याने सहज विचारले, की एवढा बलवान यंत्रमानव मुळात काचेच्या कपाटात का पडून होता.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आजोबांना दोन संध्याकाळी लागल्या. कथा तमिळमध्ये पाहिलेली होती, ती त्यांनी मराठीत सांगितली. आगीतल्या मुलीपाशी आल्यावर मात्र त्यांना नेमका शब्द सुचेना, तेव्हा ते थोडा वेळ कन्नडमध्ये बोलले.