बक्षीस कोणी दिलं, हे विचारलंच नाही

सिविक सेंटरमध्ये मी बरीच वर्षं आयकराची विवरणपत्रं भरून देतो. भिलाईत गिऱ्हाईक बहुतेक पोलाद कारखान्यातलं. फॉर्म सोळा आणला की निम्मं काम झालं. खेळाडू क्वचित यायचे, आणि त्यांच्याच बाबतीत माझ्या हातून दोन चुका झाल्या.

पहिली एका बास्केटबॉलपटूची. क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलेली मुलगी. राष्ट्रीय पदक मिळालं तेव्हा व्यापाऱ्यांनी सत्कार करून रोख रकमा दिल्या. "काका, हे दाखवायचं का?" तिनं स्वतःहून विचारलं. मी म्हणालो, "नको गं, खेळाडूच्या बक्षिसाला कर नसतो." माझ्या डोक्यात 1986 चं 447 क्रमांकाचं परिपत्रक पक्कं बसलेलं: व्यावसायिक नसलेल्या खेळाडूचं बक्षीस म्हणजे कौतुकाची भेट, म्हणून करमुक्त. अभिनव बिंद्राच्या बाजूनं 2013 मध्ये दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणानं दिलेला निकालही कानावर होता. पण परिपत्रक निघालं तेव्हा भेट घेणाऱ्यावर आयकर नव्हता. पुढे कायदा बदलला. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळालेली रोख 50,000 च्या वर गेली, की नुसती वरची नव्हे, सगळीच रक्कम उत्पन्नात धरतात. जुनं परिपत्रक आता चालणार नाही, हे 2014 मध्ये प्रत्यक्ष कर मंडळानं स्पष्टही केलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. नोटीस आली, आणि माझ्या शब्दावर विसंबलेल्या मुलीला व्याजासकट कर भरावा लागला.

त्या धसक्यातून दुसरी चूक झाली, आणि ती मला जास्त लागली. एका खेळाडूला छत्तीसगड शासनाचा शहीद राजीव पांडे पुरस्कार मिळाला होता. मी ती रक्कमही उत्पन्नात धरली. कलम 10(17अ) प्रमाणे सरकारनं लोकहितार्थ सुरू केलेल्या पुरस्काराची रक्कम करमुक्त असते. कमी कर भरला तर नोटीस येते. जास्त भरला तर कोणी विचारायला येत नाही. त्या मुलाला ते कधी कळलंही नसतं. मी जाऊन सांगितलं. सुधारित विवरणपत्राची मुदत उलटली होती, म्हणून आयुक्तांकडे पुनरीक्षणाचा अर्ज केला.

आता मी आधी विचारतो, पैसे कोणी दिले आणि कोणत्या आदेशानं? 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला कांस्य जिंकलं, महाराष्ट्र शासनानं बक्षीस जाहीर केलं, तेव्हा लोक मला विचारत होते. ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल पदकविजेत्यांच्या सरकारी बक्षिसांना 2014 पासून करमुक्तीसाठी मान्यता आहे, हे सांगताना मी आदेश समोर ठेवला होता.

राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलांना मात्र हा आधार पुरत नाही. त्यांचे बूट, प्रवास, खुराक पुष्कळदा गावातल्या दुकानदारांच्या पैशावर चालतात, आणि 50,000 ची मर्यादा 2006 पासून तिथेच आहे. निदान पदकविजेत्यांसाठी तरी ती वाढायला हवी.