रोगापेक्षा इलाज भयंकर

ई अँड टीसीला ॲडमिशन घेतली की नातेवाईकांच्या दृष्टीने आपण फुकटचे मेकॅनिक होतो. टीव्ही असो, मोबाईल असो, तक्रार ठरलेली: "काल अपडेट केलं आणि आजपासून बिघडलं. चांगलं चाललेलं चालू द्यायला यांना काय होतं?" मित्रांनो, हसू नका. प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर मला लॅबमध्ये नाही, शेतावर मिळालं. आमच्या विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर आहे. रात्री थ्री फेज लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि वडिलांची अंधारातली, साप-किरडाच्या वाटेवरची चक्कर वाचते. गेल्या हिवाळ्यात सर्व्हिसवाल्याने त्यात नवीन प्रोग्रॅम टाकला. सोय चांगली होती: लाईट आली की मोबाईलवर मेसेज. पण तेव्हापासून मोटर काही रात्री चाले, काही रात्री ढिम्म. वडील पुन्हा बॅटरी घेऊन बांधावरून जाऊ लागले. गहू ऐन पाण्यावर आलेला! सुट्टीत मी दोन रात्री विहिरीवर बसलो. शेवटी सिम काढून बघितलं, तर मोटर सुरूच होईना. म्हणजे नवा प्रोग्रॅम आधी मेसेज पाठवायचा, तो गेला की मगच रिले ओढायचा. रेंज नसली की मोटर बिचारी मेसेजची वाट बघत बसायची. कंपनीच्या टेबलावर रेंज फुल्ल असणार, तिथे हा बग दिसणार कसा?

मोठ्यामोठ्यांचंही असंच झालंय. अमेरिकेत एटी अँड टीने १९८९च्या डिसेंबरमध्ये आपल्या ११४ एक्स्चेंजमध्ये सुधारित सॉफ्टवेअर टाकलं. महिनाभर सगळं ठीक. १५ जानेवारी १९९०ला एक एक्स्चेंज बंद पडून सावरलं आणि 'मी आलो' असा निरोप शेजाऱ्यांना गेला. लागोपाठ दोन निरोप आले की शेजारी स्वतःच रीसेट व्हायचा आणि सावरल्यावर पुढच्याला पाडायचा. नऊ तास लाँग डिस्टन्स सेवा कोलमडली. कारण काय, तर सी प्रोग्रॅममधला चुकीच्या जागचा एक 'ब्रेक'! एफईला आपण ज्याला दोन मार्कांचं समजून सोडून देतो, तोच.

मंगळावरच्या व्हायकिंग-१ यानाची गोष्ट तर चटका लावणारी. १९७६पासून सहा वर्षं ते इमानेइतबारे काम करत होतं. बॅटरी थकली म्हणून नोव्हेंबर १९८२मध्ये चार्जिंगचा नवा प्रोग्रॅम पाठवला. मेमरीत तो नेमका अँटेना वळवण्याच्या माहितीवर लिहिला गेला. संपर्क तुटला तो कायमचा.

बॅटरीचा आणि अँटेनाचा काय संबंध? कागदावर काहीच नाही. पण मेमरी एकच, प्रोसेसर एकच, वेळही एकच. एका भाड्याच्या खोलीत चार पार्टनर राहतात तसं: एकाने कॉट सरकवली की दुसऱ्याचं कपाट उघडत नाही. नुसती दहा सेटिंग्ज धरली, प्रत्येक चालू किंवा बंद, तरी १०२४ प्रकार होतात. त्यात रेंज, व्होल्टेज, जुना-नवा बोर्ड मिळवा. सगळं तपासणार कोण आणि कधी?

म्हणून अपडेट करूच नये असं नाही. सुरक्षेतली भोकं बुजवायला दुसरा उपाय नसतो. पण उद्या आपल्यातलेच काहीजण हे प्रोग्रॅम लिहिणार आहेत. नवीन फीचर चालतंय का, हे तर सगळेच बघतात. काल जे चालत होतं ते आज चालतंय का, हे आधी बघा. रेंज काढून बघा, लाईट घालवून बघा. आणि जुना प्रोग्रॅम परत टाकायची सोय ठेवा. सर्व्हिसवाला मंगळापर्यंत जात नाही. आमच्या विहिरीपर्यंतसुद्धा आठ दिवसांनी येतो.